एक चूक, दोन मापं

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



अकोल्यात जठारपेठेतल्या एखाद्या चहाच्या टपरीवर सकाळी अर्धा तास उभं राहिलं, की राज्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांचा निकाल लागून जातो. एक जण वर्तमानपत्र उघडतो, दुसरा त्यातल्या बातमीवर बोट ठेवतो आणि तिसरा म्हणतो, "याले तं घरीच बसवाले पाह्यजे!" पण पान उलटलं आणि तशाच प्रकरणात दुसरं नाव निघालं, की तोच तिसरा माणूस जरा नरम होतो. म्हणतो, "जाऊ द्या ना बाप्पा, आपला माणूस हाये. काम तं करते ना!"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण सांगून या गोष्टीकडे हसून दुर्लक्ष करता येईल. पण ती म्हण पुरी पडत नाही. कारण कधी कधी आपण आपल्याच माणसाला फार कठोर शिक्षा देतो आणि परक्याला सोडून देतो. एकाच प्रकारच्या नैतिक चुकीबद्दल एका पुढाऱ्याची कारकीर्द संपते, दुसरा मात्र पुढच्या निवडणुकीत गुलाल उधळत मिरवणूक काढतो. असं का होतं? महाराष्ट्राच्या आणि विशेषतः आपल्या वऱ्हाडाच्या इतिहासातल्या काही घटना समोर ठेवून आज या प्रश्नाचा विचार करू.

सुरुवात करू पुण्यातल्या एका चहाच्या कपापासून. १४ ऑक्टोबर १८९० या दिवशी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी गेली होती. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशी या खट्याळ गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली आणि गावात गदारोळ उडाला. ख्रिस्ती लोकांच्या घरचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. चौकशी झाली आणि प्रायश्चित्ताचा निर्णय झाला.

त्या यादीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते आणि बाळ गंगाधर टिळकही होते. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. त्रास दोघांनाही झाला. टिळकांच्या घरच्या धर्मकार्यांतही अडचणी आल्या. पण लोकांच्या आठवणीत कायमचा ओरखडा उठला तो रानड्यांच्या नावावर. प्रायश्चित्त टिळकांनी घेतलं तर तो व्यवहार ठरला, रानड्यांनी घेतलं तर ती कच खाणं ठरलं.

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. टिळकांनी आपण समाजसुधारक आहोत असा दावा केलेला नव्हता. आधी राजकारण, मग बाकीचं, ही त्यांची भूमिका जाहीर होती. रानडे मात्र सुधारणेचे अध्वर्यू होते. रूढीपुढे मान तुकवू नका, हे त्यांनीच लोकांना शिकवलेलं. त्यामुळे त्यांच्याच मापाने लोकांनी त्यांना मोजलं.

हे पहिल्यांदाच घडत नव्हतं. १८७३ मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली. ते विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते होते, वय एकतीस. आता हे एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा. वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. टीकेचा भडिमार झाला आणि तो आजही थांबलेला नाही. त्या काळात त्या वयाच्या मुलीशी लग्न करणारे विधुर घरोघर होते. त्यांना कुणी नाव ठेवलं नाही, कारण त्यांनी कसला शब्दच दिलेला नव्हता. त्याच मुलीला रानड्यांनी शिकवलं, सभेत बोलायला उभं केलं आणि पुढे रमाबाई रानडे म्हणून पुण्याच्या सेवासदनाचं काम तिने उभारलं. पण हे पुण्य जमेच्या बाजूला मांडायला लोक तयार नव्हते.

म्हणजे पहिली गोष्ट अशी, की लोक चूक एकटी पाहत नाहीत. ती चूक आणि त्या माणसाने स्वतःच घालून दिलेला दंडक यांतलं अंतर ते पाहतात. अंतर जितकं मोठं, तितका राग मोठा. यात न्याय आहे, पण एक धोकाही आहे. ज्याने कधी कुठलंच तत्त्व सांगितलं नाही, त्याला आपण फुकटात सोडून देतो. तत्त्व सांगणाऱ्यालाच तेवढी शिक्षा होत राहिली, तर हळूहळू तत्त्व सांगणारेच कमी होतात.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे मुख्यमंत्री झाले. त्या वेळी या पदाला पंतप्रधान म्हणत. मंत्र्यांमध्ये आपल्या अकोल्याचे वकील पु. ब. गोळे होते, अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख होते. महाकोशलातून रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता होते. न्यायखातं बॅरिस्टर मोहम्मद युसूफ शरीफ यांच्याकडे होतं.

१९३८ च्या सुरुवातीला एक प्रकरण पेटलं. वर्ध्याला दलित समाजातल्या एका कोवळ्या वयाच्या मुलीवर बलात्कार झाला होता. त्या गुन्ह्यात शिक्षा भोगत असलेल्या शिक्षण खात्यातल्या एका अधिकाऱ्याला न्यायमंत्री शरीफ यांनी मुदतीआधी सोडून दिलं. लोक खवळले. काँग्रेस कार्यकारिणीने हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश सर मन्मथनाथ मुखर्जी यांच्याकडे सोपवलं. मंत्र्याच्या हातून गंभीर चूक झाली आणि न्याय विफल झाला, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. १९३८ च्या मे महिन्यात शरीफ यांना मंत्रिपद सोडावं लागलं.

निकाल योग्यच होता. सत्तेत आलेल्या पक्षाने आपल्याच मंत्र्याची चौकशी बाहेरच्या न्यायाधीशाकडून करून घेतली आणि तो निष्कर्ष मानला, ही गोष्ट आजही नमुना म्हणून सांगावी अशी आहे. पण लोकांच्या संतापाकडे जरा नीट पाहिलं, तर त्यात दोन धागे दिसतात. एक धागा त्या मुलीवरच्या अन्यायाचा. दुसरा धागा असा, की सुटलेला गुन्हेगार मुसलमान आणि सोडणारा मंत्रीही मुसलमान. मंत्री आणि कैदी दोघेही 'आपले' असते, तर सगळेच तितक्या तावातावाने बोलले असते का, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायला हवा.

यानंतर दोनच महिन्यांत दुसरं वादळ आलं. मराठी भागातले मंत्री आणि महाकोशलातले मंत्री यांचं आधीपासूनच पटत नव्हतं. मे महिन्यात पचमढीला समेट झाला, पण तो टिकला नाही. जुलैमध्ये खरे, गोळे आणि देशमुख यांनी राजीनामे दिले. शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी पक्षश्रेष्ठींच्या आदेशाशिवाय राजीनामा द्यायला नकार दिला. गव्हर्नर वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केलं आणि डॉ. खऱ्यांनी लगोलग नवं मंत्रिमंडळ बनवलं. काँग्रेसच्या दृष्टीने हा शिस्तभंग तर होताच, शिवाय इंग्रज गव्हर्नरच्या हातात हात घालणंही होतं. दोन-तीन दिवसांत खऱ्यांना राजीनामा द्यावा लागला. वर्ध्याला कार्यकारिणी बसली. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. डॉ. खरे जबाबदारीच्या पदाला अपात्र असल्याचा ठराव झाला आणि रविशंकर शुक्ल नेते निवडले गेले.

काँग्रेसच्या वरिष्ठ मंडळींनी ज्याला गंभीर नैतिक दोष म्हटलं, त्याच वागण्याबद्दल नागपूर-वऱ्हाडातल्या पुष्कळ मराठी माणसांच्या मनात डॉक्टरांविषयी सहानुभूती दाटून आली. आपल्या माणसावर अन्याय झाला, हिंदी भागाने मराठी माणसाला खाली खेचलं, अशी ती भावना होती. महाकोशलात नेमकं उलट चित्र. तिथे खरे म्हणजे फितूर आणि शुक्ल म्हणजे निष्ठावंत. माणूस एकच, कृत्य एकच, तारीखही एकच. फक्त ऐकणारा नर्मदेच्या खोऱ्यात बसला आहे की वर्धेच्या, यावर निकाल बदलला.

माझं आजचं खरं म्हणणं इथे आहे. मंत्रिमंडळ तेच. वर्ष तेच. आपल्या भागाच्या राजकीय इतिहासात 'खरे प्रकरण' हा मोठा अध्याय आहे. त्यावर पुस्तिका निघाल्या, स्वतः डॉक्टरांनी आपली बाजू छापून मांडली, जुन्या पिढीतले लोक अगदी परवापर्यंत त्यावर हिरिरीने वाद घालत. पण त्याआधी दोन महिने एका मुलीवरच्या अत्याचाराची शिक्षा मंत्र्याच्या सहीने कमी झाली, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढाऱ्याचा पुढाऱ्याशी झालेला तंटा आपण तीन पिढ्या जपला. जिचं खरोखर नुकसान झालं, ती मुलगी आपल्या आठवणीत उरली नाही. एखाद्या नेत्याला आपण किती कठोरपणे तोलतो, हे पुष्कळदा त्याच्या हातून कोण दुखावलं यावर ठरतं. दुखावलेल्याच्या मागे जात, भाषा, पक्ष, पैसा उभा असेल तर चूक मोठी होते. त्याच्या मागे कुणीच नसेल तर चूक लहान होते आणि मग विसरली जाते.

आता थोडं अलीकडे येऊ. हे पुष्कळ श्रोत्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला ज्यांनी घर बांधलं, त्यांना विचारा सिमेंटची एक गोणी म्हणजे काय असायचं. सिमेंटवर नियंत्रण होतं. अर्ज करायचा, परमिट काढायचं आणि वाट पाहायची. भिंती उभ्या राहून वर्ष झालं तरी स्लॅब पडत नसे. अशा दिवसांत, १९८१ च्या ऑगस्टअखेर, मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्यावरचा आरोप वर्तमानपत्रात आला. बिल्डरांना जास्तीचं सिमेंट मिळतं आणि त्याच वेळी मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानाला देणग्या मिळतात, असा त्याचा आशय. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला. देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचं त्यात म्हटलं गेलं आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं.

पुढे चारच वर्षांनी, १९८६ च्या मार्चमध्ये, शिवाजीराव पाटील निलंगेकर यांचं मुख्यमंत्रिपद गेलं. त्यांच्या मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांत फेरफार झाल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. ते जेमतेम नऊ महिने मुख्यमंत्री होते.

रुपयांत मोजायचं झालं तर या दोन प्रकरणांपेक्षा कितीतरी मोठे घोटाळे या राज्याने त्याआधी आणि त्यानंतर पाहिले. धरणांच्या कामातले, जमिनींच्या व्यवहारातले, सहकारी बँकांतले. त्यांतले पुष्कळ लोकांना आठवतही नाहीत. पण 'सिमेंट' आणि 'गुणवाढ' हे दोन शब्द मराठी माणसाच्या डोक्यात कायमचे बसले. कारण सिमेंटची गोणी त्याने स्वतः मागितलेली होती आणि ती त्याला मिळाली नव्हती. परीक्षेला त्याचा मुलगा बसलेला होता आणि तो दोन-चार गुणांनी मागे राहिला होता. कोट्यवधी रुपये हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही, गोणी आणि गुणपत्रिका उभी राहते. आपल्या रांगेत कुणीतरी मध्येच घुसला, हा अनुभव ज्या चुकीतून येतो, तिला लोक सहज माफ करत नाहीत.

तरीही इथे गोष्ट संपत नाही. त्याच अंतुल्यांना कुलाबा मतदारसंघाने १९८९ मध्ये लोकसभेवर पाठवलं, पुढेही पाठवलं. ते केंद्रात मंत्री झाले. निलंगेकरही पुन्हा आमदार झाले. म्हणजे राज्याने एक निकाल दिला आणि मतदारसंघाने दुसरा. कोकणातल्या माणसाला अंतुले म्हणजे आपल्या मातीतला, धडाक्याने निर्णय घेणारा मुख्यमंत्री. निराधार, वृद्ध आणि विधवा यांच्यासाठीची संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळातली. वऱ्हाडातल्या खेड्यात त्या पैशांवर औषध आणणाऱ्या आजीला तुम्ही लेंटिन साहेबांचा निकाल समजावून सांगू लागलात, तर ती काय म्हणेल? तिचं मापही खोटं नाही. तिला मिळालेलं खरं आहे आणि न्यायालयात दिसलेलंही खरं आहे. अडचण येते ती आपण एका खऱ्याने दुसरं खरं पुसून टाकतो तेव्हा.

आणखी एक उदाहरण घेतो. आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा. तासगावजवळच्या अंजनी गावचा, साध्या घरातून आलेला मंत्री. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान राबवलं. पुढे गृहमंत्री असताना डान्सबारवर बंदी आणली. स्वच्छ माणूस ही त्यांची ओळख. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडतात अशा अर्थाचं एक वाक्य ते बोलून गेले. त्या एका वाक्याने त्यांचं उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखातं गेलं. पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही जावं लागलं. हल्ल्याची जागा पाहायला जाताना त्यांच्यासोबत अभिनेता मुलगा आणि एक चित्रपट दिग्दर्शक होते, हे लोकांना सहन झालं नाही.

इथे कुणी पैसे खाल्ले नव्हते. पण १६६ माणसं गेली होती आणि लोकांना दिसला तो दुःखाच्या घरी न शोभणारा वागण्याचा सूर. आपल्याकडे मयताच्या घरी कसं बोलावं, कसं बसावं याचे नियम लहान मुलालाही ठाऊक असतात. ते मोडले की शिकला-सवरलेला आणि अडाणी दोघेही सारखेच दुखावतात. मात्र वर्षभराच्या आत दोघेही परत आले. विलासराव केंद्रात मंत्री झाले, आबा पुन्हा गृहमंत्री झाले. आबा २०१५ मध्ये गेले तेव्हा त्यांच्यासाठी महाराष्ट्र हळहळला. जीभ घसरली, मन वाईट नव्हतं, असा निकाल लोकांनी मनोमन दिला होता. शब्दांची चूक लोक लवकर क्षमा करतात, पण त्यासाठी आधीच्या आयुष्याची शिल्लक लागते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो यांना १९६३ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यांचं एका तरुणीशी असलेलं प्रकरण जितकं बोचलं, त्याहून जास्त बोचलं ते पार्लमेंटमध्ये सांगितलेलं खोटं. मात्र त्यानंतर त्यांनी लंडनच्या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल या संस्थेत अनेक वर्षं गाजावाजा न करता काम केलं आणि त्याच देशाने त्यांना पुन्हा मान दिला. उलट अमेरिकेत १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्यावर महाभियोग आला, तेही खोटं बोलल्याच्या आरोपावरून. पण देशाची आर्थिक घडी चांगली बसली होती आणि लोकांनी त्यांना सांभाळून घेतलं. पोट भरलेलं असलं की नीतीचा तराजू जरा सैल होतो, हे तिथेही खरं आणि इथेही.

मग सामान्य माणसाने काय करायचं? सगळ्यांना सारखीच शिक्षा द्या, असं म्हणणं सोपं आहे. पण चुका सारख्या नसतात. सैल जीभ, वाकवलेला नियम आणि गुन्हेगाराला दिलेलं अभय यांना एका ओळीत बसवता येणार नाही. मला वाटतं, निकाल देण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. या चुकीने नेमकं कुणाचं नुकसान झालं आणि त्याचा आवाज आपल्यापर्यंत आला आहे का? हाच माणूस माझ्या जातीचा, माझ्या पक्षाचा, माझ्या जिल्ह्याचा असता किंवा नसता, तर मी हेच बोललो असतो का? आणि चूक उघड झाल्यावर तो काय करतो? चौकशीला सामोरा जातो, पद सोडतो, झालेलं नुकसान भरून काढतो, की आरोप करणाऱ्याच्याच मागे लागतो?

वऱ्हाड ही गाडगेबाबांची भूमी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने धर्मशाळा बांधल्या, पण स्वतःसाठी त्यांत एक खोली ठेवली नाही. अशी माणसं पाहिलेल्या समाजाचं माप मोठं असणारच. पुढाऱ्याने पांढरे कपडे घातले की आपण नकळत त्याला त्या मापाशी लावून पाहतो. ते माप टाकून देऊ नये. फक्त ते आपल्या बाब्यालाही लावावं आणि दुसऱ्याच्या कार्ट्यालाही.

आणि पुढच्या वेळी टपरीवर चर्चा रंगेल तेव्हा वर्ध्याच्या त्या मुलीची आठवण ठेवावी. तिचं नाव मी आज घेतलेलं नाही, घेऊही नये. पण पुढाऱ्यांच्या भांडणात कोण जिंकलं हे विचारण्याआधी, नुकसान कुणाचं झालं हे कुणीतरी विचारलं, तर तिच्यासारख्या कुणाला तरी पुढे न्याय मिळायला मदत होईल.